दोन बांधांचा फेरा

उसाचा फड पेटवण्याआधी चारही बांधांवरून फेरा घालायचा, असा ऊसतोड्यांच्या पडावाचा नेम होता. एकाने पत्र्याचा डबा वाजवत चालायचं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून हाळी द्यायची, "आग लागी ऱ्हायनी होऽ! आत कोण शे?" आणि पन्नास मोजेपर्यंत कान देऊन उभं राहायचं. आतून कुणी "थांब" म्हटलं, तर डबा काखेत घालायचा आणि ते माणूस बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. उसात कोण असेल याचा काय भरवसा? कुणी बाई आडोशाला गेलेली असते, कुणी जनावरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत असतं. चारही बांध झाले की डबेवाल्याने हात वर करायचा. मग वारा बघून काडी लागायची.

हा डबा सहा वर्षं राघोकडे होता.

कामरेजहून बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, कॅनॉलच्या अलीकडे, साक्रीकडच्या चौदा जोडप्यांचा पडाव पडे. त्यांतली अकरा घरं विश्वासी, म्हणजे येशूला मानणारी होती. रविवारी संध्याकाळी राघोच्या खोपीपुढे ताडपत्री अंथरून प्रार्थना व्हायची. राघो काही शिकलेला पाळक नव्हता. चौथीपर्यंत शाळा आणि पुढे स्वतःच अक्षरं लावत वाचलेलं शास्त्र, एवढीच त्याची पुंजी. पण तो पीत नव्हता, शिवी देत नव्हता, म्हणून लोक त्याला सेवक म्हणत. मुकादम सखाराम कधी प्रार्थनेला आला नाही, पण डबा मात्र त्याने राघोच्याच हातात दिला. म्हणायचा, "राघोनी हात वर करा म्हंजे देवानी करा."

जानेवारीतला शेवटचा रविवार होता. कारखान्याची गाडी दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना येणार, म्हणून फड चार वाजता पेटवायचा ठरला. पाच वाजता प्रार्थना होती आणि त्या दिवशी सुरतहून योगराजभाई नावाचे मोठे उपदेशक पहिल्यांदाच पडावावर येणार होते. राघोच्या बायकोने, प्रमिलाबाईने, त्याचा पांढरा सदरा धुऊन दोरीवर टाकला होता. राघोचं मन त्या सदऱ्यात होतं. पाहुणे येतील तेव्हा आपण अंगाला काजळी फासून उभे असू, हे त्याला बरं वाटेना.

रस्त्याकडचा बांध तो चालला. बाभळीकडचाही चालला. तिसरा बांध कॅनॉलच्या अंगाचा. तिथे पाझराचं पाणी बारमाही साचे आणि पाय घोट्यापर्यंत रुते. त्यानंतर चौथा, कडेला निवडुंगाचं कुंपण असलेला. राघो कोपऱ्यावर उभा राहिला, चिखलाकडे पाहिलं, तोंडाला दोन्ही हात लावून तिथूनच मोठ्याने हाळी दिली. वारा तोंडावर येत होता. त्याने मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत मोजलं असेल, नसेल.

मग त्याने हात वर केला.

काडी पडावातल्या लोटूने लावली. वाळलेल्या पाचटाने एकदम भडका घेतला. उसाच्या कांड्या फटाफट फुटू लागल्या. राघो पाय धुवायला खोपीकडे वळला होता, तेवढ्यात कॅनॉलकडून किंकाळी आली. ऊस फुटतानाही कधी कधी असा आवाज निघतो. म्हणून तो दोन पावलं चालतच राहिला. ती दोन पावलं त्याला पुढे फार दिवस आठवत होती.

लोटूची बायको इंदुबाई आत होती. पेटत्या लुगड्यानिशी ती बांध उतरून कॅनॉलच्या पाण्यात पडली, म्हणून जीव वाचला. बायकांनी तिला बाहेर काढून खोपींपाशी आणलं, तेव्हा मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंतची कातडी लुगड्याबरोबर निघून येत होती. लोटू नुसता "माय वं, माय वं" करत भोवती फिरत होता. काड्यांची पेटी अजून त्याच्या मुठीत होती. एकशेआठची गाडी येईस्तोवर योगराजभाईही पोहोचले. धुतलेल्या कपड्यांनिशी मातीत गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली.

गाडी गेल्यावर सखारामने विचारलं, "राघो, फेरा झाया व्हता ना?"

"झाया," राघो म्हणाला.

सगळे ऐकत होते. सखारामने मान हलवली. त्याला दुसऱ्यांदा विचारायची गरज वाटली नाही.

"मंग हिनी हाळी कशी आयकी नही?" कुणीतरी म्हणालं.

कलाबाई म्हणजे पडावातली सगळ्यांत जुनी बाई. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आयकी कशी? देवानी कान बंद करात तिना. दिवाळीले काय करं तिनी, इसरनात का तुम्ही?"

कुणी विसरलं नव्हतं. दिवाळीत गावी असताना इंदुबाईची चार वर्षांची प्रियांका तापाने फणफणली होती. औषधाने उतार पडेना, तेव्हा इंदुबाई गुपचूप भगताकडे गेली आणि पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधून आली. विश्वासी घरातलं हे काम नव्हे. लोकांनी तिला बोलून घेतलं होतं. दोरा मात्र तिने सोडला नव्हता.

कलाबाईने तिथल्या तिथे प्रियांकाला ओढून घेतलं आणि कोयत्याच्या टोकाने तो दोरा कापून टाकला. पोर आईसाठी रडत होती, ती आता दोऱ्यासाठी रडू लागली.

राघोने ते पाहिलं. त्याच वेळी बोलला असता, तर बोलणं निघूनही गेलं असतं. पण कलाबाईचं वाक्य त्याला एखाद्या खोपीसारखं वाटलं. तो वाकून आत शिरला.

पुढच्या रविवारी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. राघो उठला आणि देवाच्या छडीवर बोलला. बाप परक्याच्या पोराला मारत नाही, आपल्याच पोराला मारतो, असं बोलला. छडी लागते ती वाट चुकलेल्याला वाटेवर आणायला. बाया पदराने डोळे पुसत होत्या. लोटू ढसढसा रडला. इतकं चांगलं राघो त्याआधी कधी बोलला नव्हता.

प्रार्थना संपल्यावर लोटूने त्याचे पाय धरले. म्हणाला, "दादा, आठ दिन मना हात थरथरी ऱ्हायनात. वाटे, मीच तिले जाळं. आज समजनं. छडी देवानी. मी नुसती काडी."

राघोने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काढून कधी घ्यावा, ते त्याला कळेना.

फेब्रुवारीत राघो लोटूबरोबर सुरतच्या सरकारी दवाखान्यात गेला. इंदुबाई जाळीच्या मच्छरदाणीखाली पडली होती. पाय पट्ट्यांत गुंडाळलेले, केस कापलेले, तोंड अगदी लहान झालेलं. पट्टी बदलायच्या वेळी ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. लोटू चहा आणायला खाली गेला, तशी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दादा, एक विचारू का?"

"विचार ना बाई."

"देवानी माले काबरं मारं? लोटू सांगस, दोऱ्यामुये. खरं का?"

खाटेखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत कुणाच्या तरी चपला होत्या. त्यांच्याकडे बघत राघो म्हणाला, "बाप पोरले मारस, ते काय वैर म्हणीसन नही."

इंदुबाईने वर जाळीकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं.

"मंग बरं," ती म्हणाली. "मंग तो माले इसरेल नही."

हे ऐकून राघोला वाटलं, आपण हिला सुखच दिलं. ते आता काढून कसं घ्यावं? परतीच्या वाटेवर बसमध्ये तो हेच मनात घोळवत राहिला. खरं सांगितलं तर तिच्या हाती काय उरेल? एवढ्या वेदनेला एक अर्थ मिळाला आहे, तो आपण मोडावा का? विचार चांगला होता, दयेचा होता. त्यात खोट एवढीच की तो करणाऱ्याच्या फार सोयीचा होता. राघोला हे कामरेज येईपर्यंत कळलं होतं. पण कळून तो गप्प बसला.

काम थांबत नव्हतं. पहाटे कोयता घ्यायचा, दिवसभर वाकून ऊस पाडायचा, प्रमिलाबाईने कांड्या सोलून मोळ्या बांधायच्या. जळलेल्या उसाची काजळी नाकातोंडात जाई आणि थुंकलं तरी काळं पडे. मधे दोन फड पेटवायचे झाले, तेव्हा राघोने चारही बांध दोनदा चालून काढले. सखाराम हसला. "राघो, लगीन लावी ऱ्हायना का उसनं? कितला फेरा घालशी?"

एका सकाळी त्याचा कोयता घसरला आणि डाव्या हाताचा अंगठा हाडापर्यंत चिरला. रक्त उसाच्या बुंध्यावर पडलं. प्रमिलाबाई धावत आली. राघोला मात्र दुखण्याआधी हायसं वाटलं. झालं. आपल्यालाही छडी लागली. त्याने जखमेला हळद नीट लावू दिली नाही, टाके घालायला बारडोलीला गेला नाही. अंगठा सुजला, त्यातून पू आला. त्या ठणकत्या अंगठ्याने तो काम करत राहिला आणि जितका ठणका जास्त तितकं बरं मानत राहिला. लोक म्हणाले, सेवकाचीही परीक्षा चालली आहे. ते ऐकून मात्र ठणका नुसता ठणका उरला.

शिक्षा सोसणं सोपं होतं. तोंड उघडणं होत नव्हतं.

दीड महिन्याने इंदुबाईला दवाखान्यातून सोडलं. चार दिवस ती नवागामला भावाच्या खोलीत राहिली आणि शनिवारी दुपारी टेम्पोत बसून पडावावर आली. गुडघ्यामागची कातडी आवळून आली होती, पाय सरळ होत नव्हते. दोघींच्या आधाराने ती वाकून वाकून चार पावलं टाकायची आणि खाली बसायची. बाहेरगावच्या माणसासारखी सगळ्यांकडे बघून कसनुसं हसत होती. प्रियांका लांब उभी राहून आईच्या पायांकडे टकमक बघत होती.

लोटू खाट टाकता टाकता म्हणाला, "आते तरी शहाणी झाई का? उद्या सगळासमोर कबूल कर."

"करसू," इंदुबाई म्हणाली. "उद्या मी उभी ऱ्हासू, दादा. दोऱ्यानं सांगसू. देवना आभार मानसू, त्यानी मारं म्हणीसन."

राघो "बरं" म्हणून कॅनॉलकडे निघून गेला.

प्रमिलाबाई तिथे कपडे धूत होती. ती कमी बोलणारी बाई. सदरा दगडावर आपटत, वर न बघता ती म्हणाली, "उद्या ती उभी ऱ्हाई."

"हं."

"तुम्ही तिले उभी ऱ्हाऊ देशात?"

प्रमिलाबाईने सदरा पिळला. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "त्या दिन तुमना पायवर मी पाणी वतं. पायले गारा नव्हता."

राघोला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. कॅनॉलकडच्या बांधावरून आलेला माणूस घोट्यापर्यंत चिखलाने भरून येतो. त्या दिवशी, किंकाळीच्या गडबडीनंतर, योगराजभाईंसमोर जाण्याआधी तिने त्याच्या पायांवर तांब्याने पाणी ओतलं होतं. पायांवर नुसती धूळ होती.

"तुले तवयपासून ठाऊक शे?"

"तवयपासून."

"मंग बोलनी काबरं नही?"

"मी वाट देखी ऱ्हायनी, तुम्ही बोलशात म्हणीसन." तिने सदरा झटकला. त्याचे थेंब राघोच्या तोंडावर उडाले. "त्या रविवारे तुम्ही इतलं चांगलं बोलनात, की माले तुमनी भीती वाटनी."

तो कॅनॉलच्या कडेला उकिडवा बसला. सुजलेला अंगठा त्याने पाण्यात घातला. पाणी गार होतं. प्रमिलाबाईने पुढचा कपडा घेतला.

रविवारी ताडपत्रीवर पडावातली सगळी विश्वासी माणसं बसली होती. इंदुबाईची खाट मधोमध आणली होती. दोन गीतं झाली. कलाबाई म्हणाली, "सेवक, आते इंदुले बोलू द्या." इंदुबाईने दोन्ही हात खाटेच्या कडेवर टेकले. उठण्याआधी तिने पदर सारखा केला, हे राघोने पाहिलं. एवढ्या दुखण्यात तिला पदराचं भान होतं. देवासमोर नीट उभं राहायचं होतं.

"थांब," राघो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने हातातलं शास्त्र ताडपत्रीवर ठेवलं.

"तू उभी ऱ्हाऊ नको, बाई. बठ. त्या दिन मी दोनच बांध चालनू. रस्ताना आनि बाभूळना. कॅनॉलकडे मी गऊच नही. गारा व्हता. माले पांढरा सदरा घालना व्हता. कोपरावरूनच हाळी दिधी, पन्नास मोजात नही, आनि हात वर करा."

एक म्हातारा नुकताच खोकायला लागला होता, तो थांबला.

"सखारामले मी खोटं सांगं. तुम्हले खोटं सांगं. छडीनं बोलनू ते मनी चूक झाकाले बोलनू. दवाखानामा हिले सांगं, ते भी. चूक हिनी नही. लोटूनी नही. मनी शे."

लोटू उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तू काय सांगी ऱ्हायना?" पहिल्यांदाच त्याने राघोला दादा म्हटलं नाही. "दीड महिना मी तिले बोली ऱ्हायनू. खाटवर पडेल बाईले पापीन म्हणं मी. तुनं आयकीसन!" त्याने राघोचा सदरा गळ्याशी धरला. सदरा फाटला. राघोने हात वर केले नाहीत. लोटूने एक तोंडात मारली, दुसरी मारायला हात उगारला आणि मग तो हात आपल्याच तोंडावर घेऊन तो खाली बसला.

गलका ऐकून सखाराम आला. कुणीतरी त्याला सांगितलं. तो खोपीच्या कुडाला टांगलेल्या डब्याकडे गेला. म्हणाला, "हाऊ डबा आते तुना हातमा नको, राघो."

"ऱ्हाऊ द्या, मुकादम," इंदुबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती राघोकडे बघत होती, पण राग होता की काय होतं ते त्याला वाचता येईना.

"म्हंजे देवानी माले मारं नही?"

"नही, बाई."

"दोऱ्यामुये नही?"

"नही. मनामुये."

प्रियांका तिच्या खाटेला टेकली होती. इंदुबाईने तिच्या दंडावरून हात फिरवला, दोरा होता त्या जागेवरून.

"मंग तवय तो कथा व्हता, दादा? मी जळी ऱ्हायनी तवय?"

सेवकाला उत्तरं येत होती. त्या क्षणी त्यातली तीनचार त्याच्या जिभेवर आलीही. त्याने ती गिळली.

"माले ठाऊक नही," तो म्हणाला. "माफ कर."

"माफीनं नंतर देखू." तिने डब्याकडे बोट केलं. "तो ले. ऱ्हायेल दोन बांध चाल."

"आते?"

"आतेच. कोपरावर थांबीसन. पन्नास मोजीसन. मी आठे बठीसन आयकसू."

कुणी हसलं नाही. सखारामने मुकाट्याने डबा पुढे केला. राघो फाटक्या सदऱ्याने निघाला. फड कधीच तोडून झाला होता. काळ्या बुडख्यांतून खोडव्याचे हिरवे कोंब वीतभर वर आले होते. पेटवायला तिथे काही नव्हतं. लपायला पाखरालाही जागा नव्हती. त्या मोकळ्या रानाकडे बघत पडावातली सारी माणसं ताडपत्रीच्या कडेला उभी राहिली.

राघो कोपऱ्यावर आला, ज्या कोपऱ्यावर तो त्या दिवशी थांबला होता, तिथे. मग त्याने कॅनॉलच्या बांधावर पाय टाकला. पाय घोट्यापर्यंत रुतला. त्याने तो उपसून पुढे टाकला आणि डबा वाजवला. मोकळ्या रानात तो आवाज फार मोठा वाटला. रस्त्यावरून जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून बघू लागला. राघोचे कान तापले. तो चालत राहिला. एका जागी कॅनॉलकडची घसरण खरवडलेली होती, आघाड्याची रोपं मोडलेली होती. इथून ती उतरली असणार. त्या दिवशी तो पन्नास पावलं पुढे आला असता, तर ती हाळीच्या टप्प्यात होती.

बांधाच्या टोकाला, निवडुंगाच्या कोपऱ्यावर तो थांबला. दम लागला होता. त्याने तोंडाला हात लावले.

"आग लागी ऱ्हायनी होऽ! आत कोण शे?"

आणि तो मोजू लागला. एक. दोन. चिखल त्याच्या पायांवरून हळूहळू खाली घसरत होता. अकरा. बारा. कॅनॉलचं पाणी वाहण्याचा आवाज येत होता. एकवीस. त्या दिवशी तो इथपर्यंत आला नव्हता, आकड्यातही नाही. तीस. एकतीस.

पडावाकडून घोगरा, फाटलेला आवाज आला. सगळा जीव एकवटून मारलेला.

"थांऽब! मी आत शे!"

राघोने डबा काखेत घातला. ते माणूस बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नसतं. तो हलला नाही.

लांबवर खाटेपाशी हालचाल झाली. इंदुबाई उठत होती. एका अंगाला प्रमिलाबाई गेली. दुसऱ्या अंगाला कुणी नव्हतं, म्हणून ती वाकडी झाली, पडता पडता सावरली. तेव्हा जमिनीवर बसलेला लोटू उठला आणि त्याने आपला खांदा तिच्या काखेखाली दिला. तिघं बांधाच्या दिशेने निघाली. चार पावलं, मग थांबणं. पुन्हा चार पावलं.

फार वेळ लागणार होता. राघो चिखलात उभा राहिला.